भूसंपादनाच्या वादात सरकारला उत्तर द्यायला लावणारा प्रश्न कसा विचारावा

गावाच्या शिवारातून महामार्ग, कालवा किंवा औद्योगिक क्षेत्र जाणार अशी कुणकुण लागली की चावडीवर, पारावर आणि घराघरांत एकच वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, "विकासाच्या आड येऊ नका", आणि दुसरी म्हणते, "सरकार आमच्या जमिनी लाटायला निघाले आहे". दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असतात. अडचण एवढीच आहे की यांतले कोणतेही वाक्य ऐकून कोणत्याही कचेरीतल्या कोणत्याही अधिकाऱ्याला कागदावर उत्तर द्यावे लागत नाही. सामान्य माणसाचा राजकीय वाद फुकट जातो तो बहुधा याच कारणाने. म्हणून वाद जरूर घालावा, पण प्रत्येक बैठकीतून किमान एक तरी असा प्रश्न बाहेर पडावा की जो ठरावीक अधिकाऱ्याला उद्देशून आहे, ज्याला कायद्याचा आधार आहे आणि ज्याच्या उत्तराला मुदत आहे. तो प्रश्न कसा घडवायचा, ते पुढे सांगितले आहे.

आधी हक्क नेमका समजून घ्यावा

मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क आहे असे कोणी ठासून सांगितले की समोरचा जाणकार त्याला एका वाक्यात गप्प करतो, आणि मग मूळ मुद्दाही बाजूला पडतो. वस्तुस्थिती अशी आहे की राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(च) आणि ३१ मध्ये असलेला हा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून काढण्यात आला. त्याच वेळी अनुच्छेद ३००-अ घटनेत आला, आणि कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणत्याही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे तो सांगतो. म्हणजे हक्क गेलेला नाही, त्याचे स्थान बदलले आहे.

हा हक्क किती भरीव आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवरून कळते. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ साली एका निरक्षर महिलेची जमीन कोणतीही कायदेशीर कार्यवाही न करता रस्त्यासाठी घेतली गेली होती. आपण इतकी वर्षे वहिवाटीत आहोत, म्हणून जमीन आपली झाली, असा दावा सरकारने केला. २०२० च्या निकालात न्यायालयाने तो फेटाळला आणि कल्याणकारी राज्याला स्वतःच्याच नागरिकाविरुद्ध असा दावा करता येणार नाही, असे सांगितले. दुसरा निकाल मे २०२४ मधला, कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणातला आहे. अनुच्छेद ३००-अ मध्ये सात गोष्टी सामावलेल्या आहेत, असे त्यात म्हटले आहे : नोटीस मिळणे, म्हणणे ऐकून घेतले जाणे, कारणांसह निर्णय मिळणे, संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठीच असणे, रास्त मोबदला मिळणे, कार्यवाही कार्यक्षमतेने व मुदतीत चालणे आणि ती रीतसर पूर्ण होणे. या सात गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात आणि आपल्या गावातल्या प्रकरणात त्यांपैकी कोणती झाली, कोणती राहिली, याची खूण करावी. निम्मे प्रश्न तिथेच सापडतात.

वादाचे तुकडे करावेत

भूसंपादनाच्या चर्चेत चार वेगवेगळे वाद एकमेकांत गुंतलेले असतात : सरकारला अधिकार आहे का, हेतू खरोखर सार्वजनिक आहे का, पद्धत पाळली का, आणि मोबदला बरोबर आहे का. एकाला रस्ता मान्य असतो पण दर मान्य नसतो, दुसऱ्याला प्रकल्पच नको असतो, आणि दोघेही एकमेकांशी भांडत बसतात. बैठकीत बोलायला उभ्या राहणाऱ्याने आपण यांपैकी कशाबद्दल बोलत आहोत हे आधीच सांगावे, असा नियम करून पाहावा.

अधिकाराबद्दल फार वेळ घालवू नये. रीतसर कायदा असेल तर जमीन घेण्याचा अधिकार सरकारला आहेच. मात्र कोणत्या कायद्याखाली संपादन चालले आहे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण मुदती त्यावर ठरतात. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली संपादन असेल तर ही मुदत २१ दिवसांचीच आहे. साठ दिवस आहेत अशा समजुतीत राहिलेल्या माणसाची संधी महामार्गाच्या प्रकरणात कधीच निघून गेलेली असते.

हेतूचा वाद मात्र मनापासून घालावा, कारण खरे राजकारण तिथे आहे. प्रकल्प पूर्णपणे सरकारचा आहे, खासगी भागीदारीतला आहे की खासगी कंपनीसाठी आहे, हे विचारावे. २०१३ च्या कायद्याने भागीदारीतल्या प्रकल्पांसाठी ७० टक्के आणि खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के बाधितांची पूर्वसंमती आवश्यक केली आहे. त्याच कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि जनसुनावणीही सांगितली आहे. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे पायाभूत सुविधांसह काही प्रकारच्या प्रकल्पांना या अटींतून सूट देता येते. त्यामुळे "मूल्यांकन का केले नाही?" असे न विचारता "या प्रकल्पाला कोणत्या आदेशाने सूट दिली, त्या आदेशाची प्रत द्यावी" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला भाषण मिळते. दुसऱ्याला एकतर प्रत मिळते किंवा आदेशच नाही हे उघड होते, आणि दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे.

पद्धतीच्या बाबतीत तारखांची वही ठेवावी. अधिसूचना राजपत्रात कधी आली, वर्तमानपत्रांत कधी छापली गेली, ग्रामपंचायतीत कधी लागली, हरकतींची सुनावणी कधी झाली, हे सारे त्यात लिहावे. २०१३ च्या कायद्यानुसार अंतिम घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, जाहीर व्हावा लागतो, आणि सरकारने कारणे नोंदवून मुदत वाढवली नसेल तर सगळी कार्यवाहीच व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द ठरते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. १९२१ साली मुळशीचे शेतकरी सेनापती बापटांबरोबर टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूदच नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीने आली. आज हातात असलेले ६० किंवा २१ दिवस इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने मिळालेले आहेत, म्हणून ते नुसत्या चर्चेत घालवू नयेत.

प्रश्न कागदावर कसा उतरवावा

माहिती अधिकार कायदा, २००५ हे इथले मुख्य साधन आहे, पण ते वापरताना एक खाचखळगा असतो. या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख, म्हणजे कागदपत्रे आणि नोंदी. "आमच्याच शेतातून रस्ता का नेला?" असा अर्ज केला तर मत विचारले आहे असे म्हणून तो परत येऊ शकतो. तोच प्रश्न पुढीलप्रमाणे लिहावा :

"मौजे अमुक, गट क्रमांक तमुक यामधून जाणाऱ्या रस्त्याच्या आखणीसाठी विचारात घेतलेल्या सर्व पर्यायी आखण्यांचे नकाशे, अंतिम आखणी निवडताना नस्तीवर (फाइलवर) लिहिलेल्या टिपण्या आणि मंजुरीचा आदेश यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच सदर नस्तीची पाहणी करण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी."

यात आरोप नाही आणि विशेषणही नाही, तरीही निर्णय कोणी व कशाच्या आधारावर घेतला हे यातूनच बाहेर येते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जावे. याच कायद्याचे कलम ४ असेही सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना प्राधिकरणाने स्वतःहून द्यायची आहेत. अर्जात आपण बाधित आहोत हे स्पष्ट लिहून त्या कलमाचा उल्लेख केला, तर "का" विचारण्याची वाट पुन्हा मोकळी होते.

ग्रामसभेत आणि आपापसांत

ग्रामसभेत ऐनवेळी उठून बोलण्यापेक्षा विषय आधीच सरपंच आणि ग्रामसेवकांकडे लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि सभेत ठराव सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह लिहून तो तिथेच वाचून घ्यावा. नंतर इतिवृत्ताची प्रत मागावी. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती कायद्यानेच मागितली आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात २०१३ साली बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा प्रश्न त्यांच्यापुढे आलेला होता. इतर गावांत ठराव सरकारवर बंधनकारक नसतो हे खरे आहे, पण हरकतीला जोडलेला ठराव सुनावणीच्या अभिलेखात जातो आणि पुढे न्यायालयातही दिसतो.

सभेत पक्षाचा वाद निघणारच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाने स्वतःला विचारावे की उद्या दुसऱ्या पक्षाचे सरकार आले आणि त्याने हीच अधिसूचना काढली, तर मी हेच बोलेन का. भूसंपादन कायदा एका सरकारने आणला, त्याच्या अटी सैल करणारा अध्यादेश दुसऱ्या सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये काढला आणि विरोधानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये तो व्यपगत होऊ दिला. नागरिकांचा प्रश्न मात्र दोन्ही वेळी एकच होता.

ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांना चर्चेतून वगळू नये, याबद्दल मला फार आग्रहाने सांगायचे आहे. जमीन गेली की मालकाला मोबदला मिळतो, पण त्याच शेतावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या मजुराचे काम कायमचे जाते. २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येनुसार संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात काम करणारी आणि उपजीविकेसाठी त्यावर अवलंबून असलेली शेतमजूर, कूळ व कारागीर यांची कुटुंबेही बाधित कुटुंबेच आहेत. ग्रामसभेने त्यांची यादी स्वतः करावी आणि ती ठरावाला जोडावी. ज्या गावात मालक आणि मजूर एकाच अर्जावर सही करतात, तिथे "मूठभर लोकांचा विरोध" असे म्हणणे कोणालाही जड जाते.

मोजणीचा दिवस आणि पैशाचा दिवस

एवढे सगळे करूनही जमीन जाऊ शकते. तरीही दोन दिवस असे असतात की त्या दिवशी घरातले जाणते माणूस शेतात किंवा कचेरीत हजर असलेच पाहिजे.

पहिला दिवस संयुक्त मोजणीचा. त्याआधी सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना नीट वाचावा, कारण जुना बोजा, सहहिस्सेदाराचे नाव किंवा न झालेला वारसफेर यांवरून पुढे मोबदला अडतो. मोजणीच्या वेळी विहीर, कूपनलिका, जमिनीखालची पाइपलाइन, बांधबंदिस्ती, गोठा आणि प्रत्येक फळझाड पंचनाम्यात आले का, ते स्वतः पाहावे. पाइपलाइन वरून दिसत नाही म्हणून ती हटकून राहते. तिचा मार्ग खुणा लावून दाखवावा आणि त्याचे फोटो घ्यावेत. नोंद अपुरी असेल तर सही नाकारून निघून येण्यापेक्षा "अमुक बाबी नोंदवलेल्या नाहीत, त्यांबाबत हरकत आहे" असे सहीवरच लिहावे.

ही नोंद किती महत्त्वाची आहे हे आकड्यांत पाहावे. जमिनीचे बाजारमूल्य १० लाख रुपये ठरले आणि ग्रामीण गुणक २ लागू झाला, तर ते २० लाख होते. त्यात विहीर व झाडांचे २ लाख मिळवले की २२ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे एकूण ४४ लाख. पंचनाम्यातून सुटलेली २ लाखांची विहीर शेवटी ४ लाखांचे नुकसान करते. गुणक १ ते २ या दरम्यान राज्य सरकार ठरवते, म्हणून आपल्या प्रकल्पाला कोणता गुणक कोणत्या अधिसूचनेने लागू झाला, हेही लेखी विचारावे.

दुसरा दिवस पैसे उचलण्याचा. निवाड्यातली रक्कम कमी वाटत असेल तरी ती नाकारून बसण्याची गरज नाही. मात्र पावतीवर आणि स्वतंत्र अर्जावर "रक्कम अपुरी असल्याने हरकत राखून स्वीकारत आहे" असे स्पष्ट लिहावे आणि अर्जाची पोच घ्यावी. हरकत न नोंदवता रक्कम घेतली, तर २०१३ च्या कायद्यानुसार वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवण्याची मागणी करण्याचा हक्कच राहत नाही. निवाड्याच्या वेळी आपण हजर असू तर ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे सहा आठवड्यांच्या आत करायची असते, आणि आतापर्यंत जमा केलेली तारखांची वही, ठराव, पंचनामा व माहिती अधिकारात मिळालेल्या प्रती त्याच अर्जासोबत जोडायच्या असतात.