तुटलेला शाफ्ट लॅबमध्ये आला की आधी काय करायचं

कारखान्यातून येणारा फोन बहुतेक वेळा असाच असतो: "मॅडम, शाफ्ट तुटला. जरा मटेरियल चेक करून द्या." म्हणजे आरोपी ठरलेला असतो, आपण फक्त शिक्का मारायचा. मटेरियल खराब निघालं की सप्लायर भरून देणार, त्यामुळे ते खराब निघावं अशी सगळ्यांचीच मनापासून इच्छा असते. मरोळला मी ज्या लॅबमध्ये तुटीच्या तपासाचं काम करते, तिथे नवीन आलेली मुलं हा फोन ऐकून थेट स्पेक्ट्रोकडे, म्हणजे ठिणगी मारून स्टीलचं रसायन सांगणाऱ्या मशीनकडे धावतात. पण शाफ्ट का तुटला याचा अंदाज बहुतेकदा नुसत्या बघण्यातून आणि चौकशीतून येतो. मशीन लागतं ते नंतर, अंदाज पक्का करायला किंवा खोडायला.

काम फोनवरच सुरू करा. समोरच्याला सांगा: दोन्ही तुकडे हवेत, एक नाही. तुटलेली तोंडं एकमेकांना जुळवून बघू नका. हा मोह प्रत्येक फिटरला होतो, आणि त्यात नेमक्या उपयोगाच्या खुणा घासून जातात. वायर ब्रश नको, पॉलिश पेपर नको, बोटसुद्धा लावू नका. पीस मोठा असला आणि गॅस कटरने कापावाच लागला, तर तुटीपासून लांब कापा. तापलेल्या भागाची रचना बदलते आणि मग आपण कटरचाच अभ्यास करत बसतो. तुकडे कोरडे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधायला सांगा. मुंबईच्या जुलैत ताजी तूट उघडी ठेवली तर रात्रीत तांबूस होते, आणि सकाळी तो गंज जुना की कालचा हे सांगणं कठीण जातं.

चौकशी मालकाकडे कमी करा, मशीन चालवणाऱ्याकडे जास्त. मालक सांगतो, "काहीच बदललं नव्हतं." ऑपरेटर चहा घेता घेता सांगतो की बेल्ट घसरत होता म्हणून गेल्या आठवड्यात आवळला. किंवा बेअरिंगचा आवाज येत होता. किंवा बेअरिंगची जागा झिजली होती, तेव्हा बाहेरून वेल्डिंग भरून पुन्हा टर्निंग करून आणलं होतं. हे शेवटचं वाक्य ऐकलं की वही उघडा. EN 19 सारख्या, शाफ्टसाठी वापरल्या जाणाऱ्या मिश्र स्टीलवर प्रीहीट न करता, म्हणजे आधी न तापवता, वेल्डिंग भरलं, तर त्याच्या खालचा पट्टा झपाट्याने थंड होऊन कडक आणि ठिसूळ होतो. तिथे बारीक भेग पडते आणि वरून केलेलं टर्निंग चकाचक दिसतं. स्पेक्ट्रोवर शाफ्टच्या मध्यावर ठिणगी मारली तर रिझल्ट अगदी EN 19 येणार. रसायन बरोबर, शाफ्ट तुटलेलाच. आडवा काप घेऊन नायटलने (अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक अॅसिड) एचिंग केलं, म्हणजे पॉलिश केलेला पृष्ठभाग हलका खाऊन रचना उघडी केली की मात्र कडेने वेल्डिंगचं कडं उघडं पडतं.

आता बघणं. यात घाई नको. टॉर्च बाजूने, तिरपा धरा. वरून उजेड टाकला तर सगळंच सपाट दिसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. फटीगने, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा येऊन भेग वाढत जाऊन, तुटलेल्या शाफ्टला दोन वेगळे भाग असतात: एक गुळगुळीत, ज्यावर भेग थांबत थांबत पुढे सरकल्याच्या रेषा दिसतात, ओहोटीनंतर दादरच्या चौपाटीवर वाळूत राहतात तशा, आणि दुसरा खडबडीत, जिथे उरलेला शाफ्ट एका झटक्यात गेला. रेषा जिथून सुरू झाल्यात तिथे भेगेचा जन्म. तिथे जवळपास नेहमी काहीतरी सापडतं. की-वेचा (चावी बसवायच्या खाचेचा) कोपरा, गंजाचा खड्डा, टूलने ओढलेला ओरखडा, किंवा स्टेपला (जाडी बदलते तिथे) रेडियसच, म्हणजे कोपऱ्याची गोलाई, नसणं. ड्रॉइंगवर रेडियस असतो. लेथवर टूलला जशी धार तसा कोपरा होतो.

खडबडीत भाग किती मोठा आहे ते मोजा. तो छोटा असेल तर शाफ्टवर लोड फार नव्हता, भेगेने निवांतपणे जवळजवळ सगळी जाडी खाल्ली. तो मोठा असेल तर लोडच जास्त होता. आणि परिघावर चारी बाजूंनी भेगा निघाल्या असतील, मधे मधे छोट्या पायऱ्यांसारख्या खुणा असतील, तर तिथला ताण सगळीकडूनच मोठा होता. बेल्ट जास्त आवळलेला असणं, अलाइनमेंट बिघडलेली असणं, अशा गोष्टी मग तपासायच्या.

फटीग नसेल आणि शाफ्ट पिळून गेला असेल, तर फळ्यावरचा खडू घ्या आणि दोन्ही टोकं उलट दिशांना पिळा. तो 45 अंशांत, मळसूत्रासारखा तुटेल. ठिसूळ स्टील असंच तुटतं. नरम स्टील पिळून तुटलं तर तूट आडवी आणि सपाट असते. नव्या मुलांना मी हे खडूनेच दाखवते, कारण आकृती काढून दाखवलेलं परीक्षेपुरतंच राहतं.

इथे एक हिशोब करायची सवय लावून घ्या. 1440 आरपीएमवर दिवसरात्र फिरणारा शाफ्ट एका दिवसात 20 लाखांपेक्षा जास्त फेरे घेतो, आणि दर फेऱ्याला पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्योलरने 1850 ते 1870च्या दरम्यान डब्यांच्या आसांवर नेमका हाच प्रकार तपासला होता. स्टीलची फटीगची मर्यादा, म्हणजे ज्याखालच्या ताणाला कितीही फेरे झाले तरी स्टील तुटत नाही तो ताण, ढोबळमानाने एक कोटी फेऱ्यांवर धरतात. आपला शाफ्ट तो आकडा पाचव्या दिवशी गाठतो. मग तीन वर्षं बिनबोभाट चाललेला शाफ्ट आज तुटला, तर "मूळ मटेरियलच खराब" हे म्हणणं पटत नाही. मधे काहीतरी बदललंय. ते शोधा.

मुंबईत त्या बदलाचं नाव बऱ्याचदा गंज असतं. खारट पाण्यात किंवा खाऱ्या हवेत ती फटीगची मर्यादा उरतच नाही. ताण कमी असला तरी पुरेसे फेरे झाले की भेग पडतेच. गोदीतल्या खाऱ्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट आला तर हार्डनेसच्या आधी पृष्ठभागावरचे खड्डे मोजा.

एवढं झालं, स्केल ठेवून फोटो काढले, कुठून कापायचं ते मार्करने आखलं, की मगच कटिंग मशीन सुरू करा, तेही भरपूर पाणी सोडून. कडेला निळसर रंग आला तर तो तुकडा गेला. मोल्डिंग (तुकडा राळेत बसवणं), 220 पासून 1200 पर्यंतचे पेपर, दर पेपरला तुकडा काटकोनात फिरवणं, शेवटी डायमंड पेस्ट, हे कॉलेजात झालेलं असतं. पण एचिंगआधी तुकडा तसाच मायक्रोस्कोपखाली बघा. स्टीलमधली घाण आणि भेगेचा मार्ग तेव्हाच स्वच्छ दिसतात. नायटल 2 टक्क्यांचं: 98 मिली अल्कोहोल, त्यात हळूहळू 2 मिली नायट्रिक अॅसिड, फ्यूम हुडखाली. उरलेलं घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका, आत वायू साठतो. जास्त तीव्र तर करूच नका. पावसाळ्यात एचिंगनंतर पाण्याने धुतलेला तुकडा लगेच अल्कोहोलने धुऊन ड्रायरने वाळवा, नाहीतर दोन मिनिटांत डाग पडतात आणि तुम्ही त्यांनाच रचना समजून फोटो काढता.

बोल्टची तऱ्हा वेगळी. 12.9 ग्रेडचा, म्हणजे खूप मजबूत, झिंक प्लेटिंग केलेला बोल्ट आवळताना टिकला आणि रात्रीत कोणी हात न लावता तुटला, तर हायड्रोजनचा संशय घ्या. प्लेटिंगच्या वेळी तो स्टीलमध्ये शिरतो आणि स्टील ठिसूळ करतो. तो काढायला प्लेटिंगनंतर शक्यतो चार तासांच्या आत बोल्ट भट्टीत घालून 200 अंशांच्या आसपास बराच वेळ ठेवावे लागतात, आणि भट्टीचं बिल वाचवायला हीच पायरी गाळली जाते. इथे भिंगाने भागत नाही, एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लागतो. स्वतःचा नसेल तर पवईला आयआयटीच्या सैफ या तपासणी केंद्रात बाहेरच्यांचे सॅम्पलही पैसे भरून बघून मिळतात. जाताना तूट अॅसिटोनने साफ करून न्या, आणि नेमका कुठला भाग बघायचा त्याचा फोटोवर बाण काढून न्या. ऑपरेटरला नुसतं "सगळं बघा" म्हटलंत तर तासाचे पैसे जातात आणि हाती सुंदर, निरुपयोगी चित्रं येतात.

रिपोर्टमध्ये जे दिसलं ते एका भागात, त्यावरून काय वाटतं ते दुसऱ्या भागात लिहा. दोन्ही एकाच वाक्यात आले की भांडणात पहिलं तेच वाक्य फाडलं जातं. ग्राहक म्हणेल, "फक्त मटेरियल डिफेक्टिव्ह असं एक वाक्य टाका ना, मॅडम." हार्डनेस आणि रसायन स्पेसिफिकेशनमध्ये असेल तर ते बरोबर आहे असंच लिहा आणि पुढचं संभाषण ईमेलवर करा.

आणि सही झाली तरी तुकडे टाकू नका. जागा कमी आहे, भंगारवाला दर शनिवारी खाली उभा असतो, सगळं मान्य. तरीही पीसला नंबराचा टॅग लावा, तेल लावून पिशवीत ठेवा, आणि "आता लागणार नाहीत" असं ग्राहकाकडून लेखी आल्याशिवाय कपाटाबाहेर काढू नका. सप्लायरचा माणूस दुसऱ्या लॅबमधून तपासणी मागायला हमखास येतो.