जुनी अमेरिकी पत्रं वाचायची माझी रीत

रत्नागिरीच्या कोर्टात शिरस्तेदार होतो. नोकरी संपली, कागद चाळायची खोड गेली नाही. सध्या एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी घरगुती पत्रं वाचतोय. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं आणि तिथल्या विद्यापीठांनी नेटवर फुकट ठेवलीत. कोणाला हौस असेल तर पावसाळा बरा. फक्त लाईट जायच्या आत पानांचे फोटो उतरवून घ्या.

आधी तारीख आणि राज्य बघा, मजकूर मागाहून. गुन्हा कशाला म्हणायचं ते त्यावरच ठरतं. समजा मिसिसिपीतलं १८६६ चं पत्र आहे. कापसाचा भाव, बाळाचा खोकला, आणि मधेच शेरीफनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्यानं, काही रिकामटेकडे काळे धरून नेल्याची ओळ. तिथं थांबा. गुलामगिरी संपता संपता, १८६५ च्या नोव्हेंबरात, त्या राज्यानं कायदा केला होता. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारपासून ज्या काळ्या माणसाकडे काम नसेल तो भटक्या ठरणार, दंड ५० डॉलरपर्यंत. पाच दिवसांत भरला नाही, तर शेरीफ त्याला मजुरीवर देणार. जो कमीत कमी मुदतीच्या कामावर दंड भरायला तयार होईल, त्याच्याकडे. उलटा लिलावच म्हणा! आणि गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, असा अपवाद ठेवलेलाच होता.

मग साक्षीदार शोधा. माझ्यासारख्याची नजर तिकडेच जाते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी (१८६१-६५) दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोर्ट घेतच नसे. कॅलिफोर्नियातही तेच, आणि १८५४ च्या निकालानं चिनी माणसांनाही ते लागू झालं. तेव्हा मारहाण कोणी पाहिलीच नाही असं पत्रात आलं, तर अंगणात माणसं किती होती ते मागच्यापुढच्या पत्रांत बघा. बहुतेक वेळा अंगण भरलेलं असतं.

नावं जुळवायला जनगणना आहे, पण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, खाली गुलामांचं नुसतं वय, लिंग आणि रंग. नावं मिळतात ती १८७० पासून.

काही पत्रांत कागद वाचवायला पान फिरवून ओळींवर आडव्या ओळी लिहिलेल्या असतात. डोकं धरू नका, फोटो फिरवून दोनदा वाचा.

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे पत्रातली ओळ, उजवीकडे त्या राज्याचा त्या वर्षीचा कायदा. उजवा रकाना कोरा असेल तोवर डावीकडच्या कोणालाही गुन्हेगार लिहू नका.