गाडीला बसवलेल्या पीपीएफचे काम कसे तपासावे

गाडीच्या रंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातली पीपीएफ, बसवून घेणारे आता कोकणातही पुष्कळ आहेत, आणि त्याला सबळ कारणे आहेत. महामार्गावर उडणारी खडी, चिऱ्यांच्या ट्रकमागून येणारी जांभ्याची कच, समुद्रावरचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे कारखान्यातून आलेला रंग फार काळ नव्यासारखा राहत नाही. परंतु पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावण्याचा खर्च लाखाच्या घरात सहज जातो, आणि आपल्याकडचे बरेच जण त्यासाठी गाडी कोल्हापूर किंवा पुण्याला नेतात. घरी परतल्यावर दोष दिसला, तर दिवस मोडून पुन्हा घाट चढावा लागतो. म्हणून तपासणी गाडी ताब्यात घेतानाच, बसवणाऱ्याच्या समोर करावी.

बहुतेक लोक त्या वेळी चकाकी पाहतात. चकाकीवरून कामाची पारख होत नाही, कारण नवी फिल्म नीट बसवलेली असो वा नसो, पहिल्या दिवशी ती चमकतेच. पारख कडांवर होते. काही वर्षांपूर्वी माझ्या पांढऱ्या गाडीला फिल्म लावली, तेव्हा बॉनेटवर उमटलेले छताचे दिवे पाहून मी समाधानाने घरी आलो. पहिला पाऊस सरल्यावर बॉनेटच्या पुढच्या कडेला विटकरी रेघ उठली, आणि पुढे ती फिल्म काढली तेव्हा मागच्या दाराच्या कडेशी पात्याने ओढलेली सरळ चीर व तिच्यात धरलेला गंज सापडला. हे दोन्ही दोष पहिल्याच दिवशी दिसण्याजोगे होते. मला कोठे पाहायचे तेच ठाऊक नव्हते.

गाडी देण्यापूर्वी काय नोंदवावे

तपासणीची सुरुवात काम सुरू होण्याआधी होते. चांगली पीपीएफ थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची असते, आणि तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. पीव्हीसीची स्वस्त फिल्मही याच नावाने विकली जाते. ती ताठर असते, उन्हात लवकर पिवळी पडते आणि ओरखडा उष्णतेने भरून काढण्याचा गुण तिच्यात नसतो. फिल्मची खोकी आपल्यासमोर उघडायला सांगावी, रोलचा क्रमांक वॉरंटीच्या कागदावर लिहून घ्यावा आणि एक छोटा तुकडा मागून घ्यावा. त्या तुकड्यावर नखाने हलका ओरखडा काढून त्यावर गरम पाणी ओतले, तर टीपीयूवरचा ओरखडा पाहता पाहता नाहीसा होतो. हा प्रयोग तुकड्यावरच करावा, गाडीवर कोणालाही करू देऊ नये.

कोणकोणत्या भागांवर फिल्म लागणार, कडा आत दुमडणार की रंगाच्या किंचित अलीकडे थांबणार, हेही लेखी ठरवावे. संगणकाच्या साच्याने आधीच कापून आणलेली फिल्म बहुधा कडेच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे संपते. गाडीवर अंथरून हाताने कापलेली फिल्म आत दुमडता येते, पण तिच्यात पाते रंगाजवळ येते. दोन्ही पद्धती योग्य आहेत, मात्र आपण कशाचे पैसे देतो आहोत ते ठाऊक असावे.

शक्य असल्यास रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने आधी व नंतर एकाच जागेची नोंद घ्यावी. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. फिल्मनंतर त्यात फिल्मच्या सांगितलेल्या जाडीएवढी भर पडायला हवी. हे साधे यंत्र लोखंडी पत्र्यावरच आकडा दाखवते, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. आधीच्याच नोंदीत एखादा भाग इतरांहून फार जाड आढळला, तर तो पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता असते, आणि अशा भागावरची फिल्म पुढे काढताना रंगही सुटून येऊ शकतो. ही गोष्ट कामापूर्वीच बोलून घ्यावी.

उजेड

दुकानातील छताच्या दिव्यांखाली गाडी तपासू नये. ती बाहेर सावलीत घ्यावी, सकाळच्या मऊ उजेडात एकदा पाहावी, आणि मग पांढऱ्या प्रकाशाचा टॉर्च पृष्ठभागाशी जवळजवळ आडवा धरून प्रत्येक भागावरून सावकाश फिरवावा. समोरून टाकलेल्या उजेडात न दिसणारे उंचवटे आडव्या उजेडात लगेच सावली टाकतात. काळ्या व गडद गाडीवर फुगे आणि कण आधी दिसतात, तर पांढऱ्या गाडीवर कडेची मळकट रेघ.

कडा

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. माझ्या मते तपासणीचा निम्मा वेळ कडांचाच आहे. बॉनेटच्या पुढच्या टोकापासून सुरुवात करून फेंडर, दारांच्या कडा, चाकांवरच्या कमानी, दारांखालचे पट्टे, आरसे आणि डिकी असा एकाच दिशेने फेरा घ्यावा, म्हणजे काही सुटत नाही. प्रत्येक कडेवरून बोटाचे टोक फिल्मकडून रंगाकडे अलगद न्यावे. उलट दिशेने नखाने उचकटून पाहू नये, कारण पहिल्या दिवशी डिंकाने पुरती पकड घेतलेली नसते आणि चांगली कडही त्याने सुटते.

नीट बसलेली कड बोटाला एकसारखी पायरी म्हणून जाणवते. ती कोठे मऊ लागली, दाबल्यावर खाली जाऊन पुन्हा वर आली किंवा कडेपाशी बोटासारखी उभी सुरकुती दिसली, तर तेथे पकड नाही असे समजावे. दुमडलेल्या कडेला आत किती फिल्म गेली आहे ते बॉनेट आणि दारे उघडून पाहावे. आत पाच मिलिमीटरही गेली नसेल, तर डिंकाला धरायला जागा उरत नाही आणि फिल्म आपल्या ताणाने माघारी येते. कोपरे विशेष पाहावेत, कारण तेथे दोन बाजूंचा ताण एकत्र येतो. अनुभवी कारागीर कोपऱ्यावर फिल्म ताणून न दाबता तेथे ताण सुटावा म्हणून छोटी काप देतो, आणि ती काप आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला असते. न दुमडलेल्या कामात उघडा राहिलेला रंगाचा पट्टा सगळीकडे सारख्याच रुंदीचा असावा. एका टोकाला एक मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला पाच, असा तिरका पट्टा म्हणजे साचा वाकडा बसला आहे.

आपल्या भागात कडांना इतके महत्त्व का, हेही सांगायला हवे. सुटलेल्या कडेखाली डिंक उघडा पडतो, आणि जांभ्याची तांबडी धूळ त्यावर चिकटते. त्यातच समुद्राकाठची मीठयुक्त दमट हवा आणि पावसाचे पाणी शिरले, की ती जागा वाळतच नाही. कडेला तांबूस रेघ दिसली तर शाम्पूच्या पाण्याने ओल्या मायक्रोफायबर कापडाने कड पुसून पाहावी. रेघ निघाली, तर धूळ केवळ कडेच्या पायरीला टेकून बसलेली होती आणि काम चांगले आहे. रेघ राहिली, तर धूळ फिल्मखाली गेली आहे. ती पुसून निघत नाही, ती पट्टी बदलावीच लागते.

पात्याच्या खुणा

कडा पाहतानाच रंगावरच्या सरळ, केसाएवढ्या रेघा शोधाव्यात. त्या दारांच्या फटींपाशी, कंपनीच्या अक्षरांभोवती, हेडलाइटच्या कडेला आणि फिल्म संपते त्या रेषेला समांतर सापडतात. गाडी कामाला देण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि त्यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. फिल्म बदलता येते, पण कापलेला रंग पुन्हा जुळत नाही. म्हणून हा दोष मी सर्वांत गंभीर मानतो. रंगाच्या वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि पात्याचा थोडा अधिक दाब त्याच्या पार जातो. चीर पत्र्यापर्यंत पोहोचली, तर मालवण-वेंगुर्ल्यासारख्या किनारी गावात तिला गंज धरायला एक पावसाळा पुरतो. अशी खूण दिसली की तेथल्या तेथे छायाचित्र काढावे, बसवणाऱ्याची लेखी कबुली घ्यावी आणि ती जागा फिल्म उचलून आधी रंगाने भरून घ्यावी. पाते न वापरता टेपमधला धागा ओढून फिल्म कापण्याची पद्धतही आहे. काम देतानाच तिची चौकशी केलेली बरी.

फुगे, पाणी आणि कण

फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात, त्यामुळे पहिल्या दिवशी तिच्याखाली थोडे पाणी राहणे हा दोष नव्हे. पाण्याचा फुगा पसरट आणि भिंगासारखा नितळ दिसतो, आणि तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप वाळतो. हवेचा फुगा दाबला की सरकतो किंवा पुन्हा वर येतो, आणि दिवस गेले तरी लहान होत नाही. कण बोटाला खडबडीत दाण्यासारखा लागतो आणि त्याच्याभोवती फिल्म तंबूसारखी उचललेली असते. तो कधीच जिरत नाही. संपूर्ण गाडीवर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन कण, तेही हातभर अंतरावरून न दिसणारे, मी स्वीकारीन. मात्र बॉनेटच्या मधोमध असलेला दाणा, केस किंवा धागा स्वीकारू नये.

बंपरच्या खोल वळणांवर आणि आरशांवर फिल्म जास्त ओढलेली असेल, तर तेथे दुधाळ पट्टे किंवा बारीक समांतर रेघा दिसतात. अशी जागा प्रथम पातळ पडते आणि प्रथम सुटते. काही बंपरांना फिल्मचा जोड द्यावाच लागतो. तो कोठे आहे हे विचारून घ्यावे. पार्किंगचे सेन्सर आणि कॅमेरा गाडी मागे घेऊन तेथेच चालवून पाहावा.

दुसरी तपासणी

पहिल्या दिवशीची तपासणी पुरेशी नसते. गाडी सात-आठ दिवस धुऊ नये, आणि तीन आठवड्यांनी आधीच्याच क्रमाने पुन्हा फेरा घ्यावा. जुलैत किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की फिल्मखालचे पाणी सुटायला याहून जास्त दिवस लागतात. तेव्हा निवड आपल्या हाती असेल, तर हे काम दिवाळीनंतर ते आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या, आधी करून घ्यावे. दोन तपासण्यांमधल्या काळात प्रेशर पंपाचे नोझल कडेपासून निदान दोन फूट दूर राहील याची काळजी घ्यावी, नाहीतर सुटलेल्या कडेचा दोष धुणाऱ्यावर ढकलला जातो आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. मोहराच्या दिवसांत गाडी आंब्याखाली उभी करू नये. तुडतुड्यांच्या चिकट स्रावाचा थर बसला, की खालचे पाणी आणि वरचा डाग यांतला फरक ओळखू येत नाही.

दुसऱ्या फेऱ्यात सापडलेल्या प्रत्येक दोषाजवळ कागदी टेपचा तुकडा चिकटवावा, तारीख दिसेल असे छायाचित्र काढावे आणि यादी बसवणाऱ्याला लेखी पाठवावी. वॉरंटीच्या कागदात फिल्म पिवळी पडणे किंवा तडकणे यांची हमी उत्पादकाची असते. कड सुटणे आणि खाली कचरा राहणे यांची जबाबदारी बसवणाऱ्याची असते, आणि ते दोष त्याने किती महिन्यांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे, हे बिलावरच लिहून घेतलेले असावे.