रस्त्याकडेची कामं आणि लीन पद्धत: गोव्यातल्या नव्या साइट इंजिनीअरांसाठी

फर्मागुढीहून पदवी घेऊन किंवा पणजी-मयेच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून रस्त्याच्या कामावर रुजू झालात, तर पुलाचं किंवा डांबरीकरणाचं काम मिळावं असं वाटणं साहजिक आहे. नव्या माणसाच्या हाती बहुतेकदा येतात ती गटारं, फुटपाथ, कर्ब, केबलचे चर. मनापासून सांगते, शिकायला याहून चांगली जागा नाही. एवढ्याशा पट्ट्यात पाच-सहा टोळ्या एकामागून एक येतात आणि वेळ कुठे वाया जातो ते उघड दिसतं. असा वाया जाणारा वेळ आणि श्रम, म्हणजे ‘अपव्यय’, शोधून कमी करणं हीच लीन पद्धत.

ते दिसण्यासाठी माणसांकडे बघू नका, कामाकडे बघा. माणसं दिवसभर राबतच असतात. पण गटाराचा एक तुकडा निवडा आणि विचारा, आज याला कुणाचा हात किती वेळ लागला? खणलेला चर सेंट्रिंगवाल्यांसाठी (काँक्रीटचे साचे लावणाऱ्यांसाठी) थांबलेला असतो, बांधलेली सळई काँक्रीटच्या गाडीसाठी, भिंती झाकणांसाठी. टोयोटाच्या ताइची ओनोंनी कारखान्यातले सात अपव्यय सांगितले, त्यातला वाट पाहण्याचा अपव्यय आपल्याकडे सगळ्यात मोठा.

त्याच्या मुळाशी बहुतेकदा एकच सवय असते: तयारी नसताना सुरुवात करणं. लीन विचार बांधकामात आणणाऱ्या लॉरी कोस्केला यांनी 2004 मध्ये याला आठवा अपव्यय म्हटलं. माझ्या मते रस्त्याकडेला तो पहिल्या क्रमांकाचा आहे. जेसीबी आलाय, उभा कशाला ठेवायचा, म्हणून खणायला घेतात. दहा मीटरवर पाण्याची जुनी लाइन लागते, नकाशात ती पलीकडच्या बाजूला असते. जेसीबी दुसरीकडे जातो, चर उघडा राहतो, शेजारच्या घराची वाट बंद होते, आणि वळवाचा एक पाऊस आला की कडा ढासळून तेच खणकाम पुन्हा. म्हणून मशीन बोलावण्याआधी हाताने दोन-तीन ठिकाणी खड्डे मारून बघा, वीज आणि पाणीपुरवठ्याच्या लाइनमनला प्रत्यक्ष जागेवर आणा, घरमालकाशी गेटच्या उंचीबद्दल बोला. लाइनमन कागदावर नसलेल्या गोष्टी सांगतो, त्याच्याशी ओळख ठेवा.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. समजा 500 मीटर गटार आहे, पाच टोळ्या आहेत आणि प्रत्येकीला 50 मीटरला एक दिवस लागतो. सगळं खणून झाल्यावर सगळं तळाचं (बेड) काँक्रीट, मग सगळी सळई, असं केलंत तर प्रत्येक टोळीचे 10 दिवस, एकूण 50. तेच 50-50 मीटरचे तुकडे करून टोळ्या एकामागून एक पुढे सरकवल्यात तर पहिला तुकडा पाचव्या दिवशी उरकतो आणि शेवटचा चौदाव्या. काँक्रीट मुरण्याचे दिवस दोन्हीकडे वेगळे धरायचे. माणसं तेवढीच, मजुरी तेवढीच, आणि उघडा चर कधीच पूर्ण रस्ताभर नाही. प्रत्यक्षात टोळ्यांचा वेग सारखा नसतो. आमच्याकडे सेंट्रिंग मागे पडतं, तेव्हा साच्याच्या प्लेटांचा आणखी एक संच आणणं हा उपाय असतो. खणणाऱ्यांना पुढे पळवून काही मिळत नाही.

हे टिकतं ते आठवड्याच्या बैठकीमुळे. 1990च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी मांडलेल्या ‘लास्ट प्लॅनर’ पद्धतीचा गाभा साधा आहे: पुढच्या आठवड्याचं काम ऑफिसने लादायचं नाही, ते करणाऱ्या मुकादमाने कबूल करायचं. दहा कामं कबूल केली आणि सहा पुरी झाली तर 60 टक्के. ‘जवळजवळ झालं’ म्हणजे शून्य. उरलेल्या चारांचं कारण लिहून ठेवा, ते वहीतलं खरं सोनं. मात्र त्या टक्क्यावरून मुकादमाला झापू नका. झापलंत की पुढच्या वेळी तो कमीच कबूल करील आणि वही खोटी होईल. बैठक हिंदीत, जमल्यास थोडी कानडीत घ्या, कारण कामगारांपैकी बरेच उत्तर कर्नाटकातले असतात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या की भाषेची अडचण आणखी कमी होते.

पुढच्या सहा आठवड्यांच्या तक्त्यात अडथळे आधीच मांडा, आणि ते गोव्याचे असू द्या. म्हापशाच्या रस्त्यावर शुक्रवारी बाजार असतो, त्या दिवशी काँक्रीटची गाडी वेळेत पोचेल असं धरू नका. वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा असते, तेव्हा डिचोलीच्या बाजूला रस्ता मोकळा हवा. चतुर्थीला स्थानिक गवंडी सुट्टीवर असणारच. आणि जून उजाडण्याआधी प्रत्येक चर बुजलेला हवा.

एक सावधगिरी. सगळं थांबणं म्हणजे अपव्यय नव्हे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारायचं, मिश्र सिमेंटला 10, आणि हवा कोरडी-तापलेली असेल तर त्याहून जास्त. यातला एकही दिवस कापायचा नाही. वेळ हवाच असेल तर कारखान्यात मुरवलेली प्रीकास्ट गटारं सरळ पट्ट्यात बसवा. वळणावर आणि उंचसखल गेटांपाशी जागेवरच ओतणं बरं. कामाच्या सुरुवातीचे फलक, बॅरिकेड आणि रात्रीचे दिवे यांनाही अपव्यय समजू नका. आयआरसी एसपी 55 ही रस्त्याच्या कामाजवळची वाहतूक सांभाळण्याची मार्गदर्शिका वाचूनच साइटवर जा.

पावसाळ्यात खणकाम बंद असतं, तेव्हा ऑफिसात बसून राहू नका. भर पावसात आपला पट्टा चालून पाणी कुठे तुंबतं, कुठली मोरी उलटी वाहते ते साखळी क्रमांकासकट (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासकट) नोंदवा. ऑक्टोबरमध्ये गटाराच्या तळाची पातळी ठरवताना ही नोंद सल्लागारासमोर ठेवता येते, आणि एकदा बांधलेली भिंत फोडायची वेळ येत नाही.