लेन्सने मान टाकली तेव्हा

निकॉनची २००-५०० मिमीची लांब लेन्स घेतल्यावर खिशात जे उरलं, त्यात मी ट्रायपॉड उरकला. चूक तिथेच झाली. लेन्स २.३ किलो, डी५०० कॅमेरा बॉडी ८६० ग्रॅम. ट्रायपॉडवर कॅमेरा धरणाऱ्या, गोळ्यावर फिरणाऱ्या बॉल हेडच्या खोक्यावर १० किलो छापलेलं. तिप्पट आहे की! मी निर्धास्त.

भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले होते. हेडचा नॉब जरा सैल केला, थर्मासकडे हात नेला आणि लेन्सने मान टाकली. ट्रायपॉडसकट आडवी. लेन्सच्या तोंडावरचा हूड गेला, काच वाचली.

तो १० किलोचा आकडा नीट समजून घ्या, कारण मला कुणी सांगितलं नाही. हा आकडा कसा काढायचा याचं सगळ्यांना बांधणारं मोजमापच नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. शिवाय वजन सरळ खाली दाबणं वेगळं, लांब लेन्स झुकवून धरणं वेगळं. बॉल हेडवर सगळा भार गोळ्याच्या वर बसतो. लेन्स कलली की तो मधून सरकतो आणि तरफेसारखा ओढतो. पकड सुटली की पडायलाच टपलेला. गिंबल नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या हेडमध्ये लेन्स आसावर तोललेली असते, म्हणून हात सोडला तरी जिथल्या तिथे राहते.

पण गिंबल घेऊन तोल साधला नाही, तर पैसे पाण्यात. नॉब सैल करा, लेन्सखालची प्लेट मागेपुढे सरकवा. मग लेन्स तिरकी करून सोडा. आणखी झुकत गेली तर ती आसाच्या वर आहे, खाली घ्या. आपोआप सरळ झाली तर फार खाली आहे. आणि प्लेटच्या टोकाचे अडसर स्क्रू काढून टाकू नका!

‘घे रे बॉल हेड, चालतं’ म्हणणारे उस्ताद प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांच्या हातातली लेन्स आधी बघा. सगळं नवं घ्यायची गरज नाही, माझं गिंबल जुनंच आहे आणि मस्त चालतं.

ट्रायपॉडचे पाय? शक्यतो सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर-खाली होणारा दांडा, नसलेला ट्रायपॉड घ्या. असलाच तर वर काढू नका. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा. चिखलात पायाचा सगळ्यात खालचा भाग आधी उघडा, म्हणजे लॉक कोरडे राहतात. होडीत मात्र ट्रायपॉड नेऊच नका. इंजिनची थरथर पायांतून थेट वर येते. तिथे लेन्सखाली ठेवायची बीनबॅग बरी, नाहीतर आपले हातच.