गटाने चित्राचं क्रोशे ब्लँकेट विणताना या चुका टाळा

चित्राचं ब्लँकेट एकटीने विणलं आणि हात जरा घट्ट पडला, तर अख्खं ब्लँकेट थोडं लहान होतं, पण चित्र शाबूत राहतं. तेच चित्र चौघींनी वाटून घेतलं आणि प्रत्येकीचा हात वेगळा पडला, तर हत्तीची सोंड शिवणीपाशी अर्धा इंच खाली सरकते. पुढे ती काही केल्या वर येत नाही. गटाने विणलेली जी ब्लँकेटं अर्धवट पडून राहतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं मला हेच दिसतं. टाके सगळ्यांना येतात, पण काम वाटण्याआधी माप ठरलेलं नसतं.

एकरंगी किंवा नक्षीचे तुकडे जोडताना थोडाफार फरक खपतो. ३१ जानेवारी २०१६ ला चेन्नईत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट मांडून गिनीज विक्रम केला. तेही अनेकींनी विणलेले तुकडे जोडूनच झालं. अशा कामात एखादा तुकडा ओढून बसवता येतो. चित्रात ती सोय नाही, कारण एका तुकड्यातली रेघ शेजारच्या तुकड्यात त्याच ओळीवर सुरू व्हावी लागते.

ग्राफमधलं घर चौकोनी, टाका मात्र नाही

चित्र आधी चौकटींच्या कागदावर काढतात. तो ग्राफ, आणि त्यातलं एक घर म्हणजे एक टाका. सिंगल क्रोशेचा (अमेरिकी नाव, साधा बुटका टाका) टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. समजा, दहा सेंटीमीटरमध्ये तुमचे १६ टाके आणि १९ ओळी बसतात. साध्या चौकोनी कागदावर ६० घरं रुंद आणि ६० घरं उंच असा पूर्ण गोल चंद्र काढून विणलात, तर तो ३७.५ सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम ३१.६ सेंटीमीटर उंच होईल, म्हणजे चपटा. उंच खांबाच्या टाक्याने विणलात तर उलट होईल आणि चंद्र उभट दिसेल.

उपाय अगदी साधा आहे. आधी माप घ्यायला छोटा तुकडा, म्हणजे नमुना विणा आणि मग ग्राफ काढा. वरच्या मापाने ६० घरं रुंदीच्या चंद्राला ७१ ओळी लागतील (६० गुणिले १९ भागिले १६). स्टिच फिडलसारख्या ग्राफ काढायच्या ऑनलाइन साधनांत टाके आणि ओळींचं माप भरता येतं, मग पडद्यावरची घरंच त्या प्रमाणात आडवी दिसू लागतात. ट्युनिशियन साधा टाका (लांब सुईवर ओळीचे सगळे टाके धरून विणायचा) आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत विणायची सी-टू-सी पद्धत यांत घर जवळजवळ चौकोनी पडतं. म्हणून पहिल्यांदाच गटाने करणार असाल तर सी-टू-सीच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. त्यात पहिल्यापासून सगळ्यांनी एकाच कोपऱ्यातून सुरुवात करायची, नाहीतर ठोकळ्यांचा (यात ग्राफचं एक घर म्हणजे विणलेला एक छोटा ठोकळा) तिरकेपणा शेजारच्या तुकड्याशी जुळत नाही. ४० बाय ५० ठोकळ्यांच्या तुकड्याला ८९ तिरप्या ओळी होतात. ४० ठोकळ्यांची बाजू पूर्ण झाली की त्या बाजूने वाढवणं थांबवायचं, पण दुसऱ्या बाजूने ५० होईपर्यंत वाढवत राहायचं. नव्या मुली इथे हमखास दोन्हीकडून थांबतात आणि आयताचा चौरस होतो.

फोटो टाकला, ग्राफ आला, वाटून दिला

फोटोवरून आपोआप तयार झालेला ग्राफ कधीही तसाच वाटू नका. त्यात गालावर एक तपकिरी घर, कपाळावर दोन करडी घरं असं विखुरलेलं असतं. ते एकेकटं घर विणायला नवा धागा, दोन टोकं आणि पुन्हा ती लपवण्याचं काम, आणि लांबून पाहताना ते घर दिसतसुद्धा नाही. पाच-सहा रंगांवर या आणि एकटी पडलेली घरं हाताने पुसून टाका. रंग निवडताना फोनवर ग्राफचा कृष्णधवल फोटो काढून बघा. दोन शेजारचे रंग तिथे एकच करडा दिसत असतील, तर ब्लँकेटवरही ते एकमेकांत मिसळतील.

आपल्याकडे बऱ्याच गटांना वारली चित्र करावंसं वाटतं, आणि ते योग्यच आहे. गेरूचा एक रंग, पांढरा दुसरा, त्रिकोण आणि वर्तुळं. पण वारली माणसाचे हातपाय बारीक आणि तिरपे असतात. एक घर जाडीची तिरपी रेघ सिंगल क्रोशेत विणली की घरं फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभी राहतात आणि रेघेऐवजी ठिपक्यांची रांग दिसते. तिरपी रेघ दोन घरं जाड ठेवा, किंवा प्रत्येक पायरीला एक घर आडवं वाढवा. तारप्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं काढायचं असेल तर माणसं कमी घ्या, पण मोठी घ्या. देवनागरी अक्षरांचंही तसंच आहे. तोरणावर जाळीच्या क्रोशात ‘सुस्वागतम्’ विणणाऱ्या पिढीला हे ठाऊक होतं, म्हणून त्या अक्षरं भरपूर मोठी घ्यायच्या. वेलांटी, रफार आणि खालचा उकार नीट वाचता यायला अक्षराला उंचीत किमान वीस घरं द्यावीत असं माझं मत आहे.

नमुना न मागता काम वाटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. “सगळ्यांनी चार नंबरची सुई घ्या” एवढं सांगून भागत नाही. एक म्हणजे नंबर कुठला? अमेरिकेत जी-६ लिहिलेली सुई चार मिलिमीटरची असते आणि जुन्या ब्रिटिश मोजमापात सहा नंबरची सुई पाच मिलिमीटरची. पुण्यातली ताई आणि न्यू जर्सीतली वहिनी दोघी “सहा नंबर” म्हणतील आणि दोघींच्या हातात वेगळी सुई असेल. स्टीलच्या बारीक सुयांचे नंबर तर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते. मापाची गोष्ट नेहमी मिलिमीटरमध्येच बोला.

दुसरं म्हणजे, तीच लोकर आणि तीच सुई घेऊनही दोन हातांचं माप वेगळं येतं. ६० टाक्यांचा तुकडा एकीचा दहा सेंटीमीटरला १६ टाक्यांनी ३७.५ सेंटीमीटर भरतो, तर दुसरीचा १७.५ टाक्यांनी ३४.३ सेंटीमीटर. तीन सेंटीमीटरचा हा फरक वाफेने किंवा ओढून जात नाही.

म्हणून प्रत्येकीने किमान २० टाके आणि २० ओळींचा नमुना विणावा आणि मधल्या दहा सेंटीमीटरमध्ये टाकेही मोजावेत, ओळीही मोजाव्यात. ओळी मोजायला बहुतेकजणी विसरतात. शेजारी-शेजारी येणाऱ्या तुकड्यांची उंची जुळायला हवी आणि वर-खाली येणाऱ्या तुकड्यांची रुंदी, म्हणजे दोन्ही मापं लागतातच. रुंदी चुकत असेल तर सुई बदला. उंची चुकत असेल तर सुई बदलून फारसा उपयोग होत नाही, तिथे हाताची सवय बघावी लागते. टाक्यात सुई घालून जो पहिला लूप वर ओढता, तो किती उंच ओढता यावर ओळीची उंची ठरते. कोणी तो ओढून पुन्हा खाली खेचतं, कोणी उंच उचलतं. ज्यांच्या ओळी बुटक्या पडतात त्यांनी तो लूप थोडा वर धरून पुढचे दहा-वीस टाके करून पाहावेत, फरक लगेच कळतो.

आता नाजूक भाग. गटातल्या ज्येष्ठ काकूंचा नमुना घट्ट आला, तर त्यांना सांगायचं कोणी? संकोचाने सगळ्या गप्प राहतात आणि जोडायच्या दिवशी रडारड होते. काकूंचा हात चुकीचा नसतोच, फक्त बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो. सुरुवातीलाच ठरवून टाका की प्रत्येक नमुन्याचा पट्टी ठेवलेला फोटो गटात येईल आणि माप बघणारी एकच व्यक्ती असेल. मग “काकू, तुम्ही साडेचारची सुई घ्या” हे सांगणं टीका वाटत नाही. अनेकदा उलटं करणं शहाणपणाचं ठरतं. ज्यांच्या हाताचं माप बदलायला अवघड जातं, त्यांचंच माप प्रमाण धरून बाकीच्यांनी सुया बदलाव्यात.

शिवण नाकावरून नेणं

ग्राफचे सरळ चार समान भाग केले की मधली शिवण नेमकी चेहऱ्यावरून किंवा अक्षराच्या मधून जाते. तुकडे समान नसले तरी चालतील, शिवण पार्श्वभूमीतून न्या. सिंगल क्रोशेने तुकडे जोडले तर त्या जोडाचीच एक उंच रेघ चित्रावर उमटते, त्यामुळे शिवणाऱ्या सुईने आतल्या बाजूने सपाट जोडणं चांगलं. प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजूंना किनार विणून आणू नका असं स्पष्ट सांगा, कारण दोन किनारी मिळून चित्रात दोन टाक्यांची अनाहूत पट्टी घुसते. आणि प्रत्येक तुकड्याच्या वरच्या कडेला रंगीत धाग्याची खूण बांधा. आकाशाचा निळा तुकडा उलटा जोडला गेलेला फार उशिरा लक्षात येतो.

ओळ कुठून वाचायची

पहिली ओळ सुलट बाजूची धरली तर उजव्या हाताने विणणारीने ती उजवीकडून डावीकडे वाचायची, दुसरी डावीकडून उजवीकडे. डावखुऱ्या मैत्रिणीने बरोबर उलट वाचायचं. तिने इतरांसारखंच वाचलं तर तिचा तुकडा आरशातल्यासारखा होतो, आणि त्यात अक्षर असेल तर सगळं संपलंच. “लाल ५, पांढरे १२” अशी लिहून दिलेली सूचना उजव्या हातासाठी असते, डावखुऱ्या व्यक्तीला ग्राफच द्या.

परदेशातल्या मैत्रिणी गटात असतील तर टाक्यांची नावंही पक्की करा. अमेरिकी सिंगल क्रोशेला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात आणि अमेरिकी डबलला ट्रेबल. आपला साखळी-खांबांचा मराठी हिशोब किंवा टाक्याचा छोटा व्हिडिओ, दोन्हींपैकी काहीही या गोंधळापेक्षा बरं.

टाके दर ओळीला मोजा. सिंगल क्रोशेत वळताना घेतलेली एक साखळी टाका म्हणून धरायची नाही. ती कोणी धरली, कोणी नाही, की कडा नागमोडी होतात. ग्राफवर चिकट कागद लावताना तो न विणलेल्या वरच्या ओळींवर लावा. विणून झालेली ओळ उघडी राहिली की हातातला रंग खालच्या रंगावर बरोबर बसतोय का ते दिसतं.

रंग बदलण्याची पद्धत वेगवेगळी ठेवणं

न लागणारा धागा टाक्यांच्या आत दडवत पुढे नेला तर कापड जाड आणि घट्ट होतं, फिकट टाक्यांमधून गडद धागा डोकावतो. प्रत्येक रंगाचा वेगळा छोटा गुंडा ठेवून तो जागच्या जागी सोडला, तर कापड मऊ राहतं. कुठलीही पद्धत निवडा, पण सगळ्यांची एकच असू द्या. माझी पसंती मोठ्या रंगखंडांना वेगळे गुंडे आणि तीन-चार घरांपुरताच धागा आतून नेणं याला आहे. गुंडे गुंतू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घ्या, त्यावर धागा गुंडाळला की तो लोंबकळत राहतो आणि सोडवायला सोपा जातो.

रंग बदलायचा तो नव्या टाक्यात नाही, आधीच्या टाक्याच्या शेवटच्या ओढीला. सुईवर दोन लूप असताना नवा रंग ओढून घ्यायचा. हे चुकलं की प्रत्येक कडेवर आधीच्या रंगाचा ठिपका राहतो.

लोकर

एकाच नावाची लोकर पण वेष्टनांवर डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) वेगळा असेल, तर छटा बदलते, आणि पार्श्वभूमीच्या रंगात ती उन्हात ठळक दिसते. पार्श्वभूमीची लोकर एकाच व्यक्तीने एकाच वेळी घ्यावी आणि कुरिअरने वाटावी. फोनवर पाहून “तोच मरून” ठरवू नका, प्रत्येक पडद्यावर मरून वेगळा असतो.

किती लागेल ते नमुन्याच्या वजनावरून काढा. २० बाय २० चा, म्हणजे ४०० घरांचा नमुना २४ ग्रॅम भरला, तर एका घराला ०.०६ ग्रॅम. ३,००० घरांच्या रंगाला १८० ग्रॅम, त्यावर दहा-पंधरा टक्के जास्तीचे. याच हिशोबाने २७,००० घरांचं ब्लँकेट दीड किलोच्या पुढे जातं. बाळासाठी विणत असाल तर ते इतकं जड हवं आहे का, याचा विचार आधीच करा.

ग्राफ फोटो म्हणून पाठवणं

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेला ग्राफ दाबला जातो आणि घरांच्या रेघा पुसट होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुरुस्ती झाली की फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुनी फाइल काढून टाकायला सांगा. विकत घेतलेला ग्राफ असेल तर तो गटात फिरवायची परवानगी आहे का ते विक्रेत्याला विचारा. कोणीतरी रात्र रात्र बसून तो काढलेला असतो.

दर दहा ओळींनी प्रत्येकीने फोटो टाकावा आणि तो दुसरीने ग्राफशी ताडून पाहावा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

चूक सापडल्यावर

एका-दोन घरांचा रंग चुकला असेल तर उसवू नका. बरोबर रंगाच्या धाग्याने त्या टाक्यावर वरून फुलीचा टाका घाला, सिंगल क्रोशेवर तो छान बसतो. टाके कमी-जास्त झाले असतील किंवा अख्खी ओळ सरकली असेल, तर मात्र तिथपर्यंत उसवाच. चेहरा आणि अक्षरं सोडून इतरत्र एखादं घर इकडेतिकडे असेल तर सोडून द्या.

टोकं किमान पंधरा सेंटीमीटर ठेवा आणि तीन दिशांनी फिरवून आत घ्या, नुसत्या गाठी धुण्यात सुटतात. जोडण्याआधी सगळ्या रंगांचा एक छोटा नमुना धुऊन वाळवा, म्हणजे लालचा पांढऱ्यावर रंग जातो का ते कळेल. अॅक्रिलिकला इस्त्री टेकवू नका, ते वितळून मरगळतं आणि पुन्हा उभारी धरत नाही. वाफ चार बोटं अंतरावरून द्या. प्रत्येक रंगाची थोडी लोकर लेबलसकट ज्या घरी ब्लँकेट जाणार आहे तिथे द्यायची, म्हणजे पुढे कुठे उसवलं तर त्याच रंगाने सांधता येईल.