खाऱ्या पाण्याच्या टाकीत चुनखडीचा दगड: या चुका टाळा

"दगड चुनखडीचा घातलाय, आता पीएचची काळजी नाही," असं समुद्री माशांची टाकी (अॅक्वेरियम) ठेवणारे अनेक जण म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 च्या आसपास असतो आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीतलंच द्रव्य, आधीच भरपूर असतं. अशा पाण्यात चुनखडी जवळजवळ विरघळतच नाही. कॅल्शियम रिअॅक्टरमध्ये (टाकीला जोडलेल्या, असा दगड विरघळवणाऱ्या नळकांड्यात) ती विरघळते, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच 6.5 पर्यंत उतरवलेला असतो. म्हणून दगड कितीही रचा, अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरण्याची पाण्याची क्षमता, ती डीकेएच या एककात मोजतात) दर आठवड्याला मोजा. ती 8 ते 11 डीकेएच असावी; 8 च्या खाली गेली तर ती वाढवणाऱ्या द्रावणाचा डोस द्या.

पीएच 7.8 वर अडकलाय? आणखी दगड टाकू नका. टाकीतलं पेलाभर पाणी उघड्या खिडकीत ठेवा, त्यात एअर पंपने तासभर हवा सोडा आणि पुन्हा मोजा. पीएच वर आला तर दोष खोलीतल्या हवेचा. एसीसाठी बंद ठेवलेल्या खोलीत माणसांच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो. स्किमरची (हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बराच फरक पडतो.

दुसरी चूक दगड निवडताना होते. शहाबादी फरशी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडकच, व्हिनेगर टाकलं की फसफसतात. पण ते घट्ट असतात, त्यामुळे पाणी शुद्ध ठेवणाऱ्या बॅक्टेरियाला फक्त वरचा पृष्ठभाग मिळतो. आपल्याला हवा तो सच्छिद्र दगड: आकाराच्या मानाने हलका, पाण्याचा थेंब पटकन शोषणारा. पॉलिश न केलेली शहाबादी वाळूखाली पाया म्हणून मात्र मला आवडते. कोकणातला जांभा नको, त्यात लोह भरपूर असतं. चुनखडीतही गंजाचे पट्टे किंवा चमकणारे धातूचे कण दिसले तर तो तुकडा बाजूला ठेवा. व्हिनेगरच्या फेसावरून कार्बोनेट ओळखता येतं, दगड निर्धोक आहे की नाही ते कळत नाही.

शेताच्या बांधावरून आणलेल्या दगडात खताचं फॉस्फेट मुरलेलं असू शकतं. ते हळूहळू सुटतं आणि शेवाळ काही केल्या हटत नाही. बादलीत मिठाच्या पाण्यात काही आठवडे भिजवून फॉस्फेट तपासा, मगच तो टाकीत घाला.

दगड उकळू मात्र कधीच नका. आत अडकलेल्या वाफेने तो फुटू शकतो. जुन्या लाईव्ह रॉकवर (जिवंत जीव वाढलेल्या दगडावर) झोअँथिड हे प्रवाळासारखे जीव असतील तर धोका आणखी मोठा: त्यांच्यातल्या पॅलिटॉक्सिन या जहाल विषामुळे, दगड उकळताना निघालेल्या वाफेने घरातल्या माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

रचताना पहिला थर थेट काचेच्या तळावर ठेवलेल्या प्लास्टिक जाळीवर बसवा, वाळू नंतर ओता. वाळूवर रचलेला ढीग गोबी हा वाळू उकरणारा मासा खालून पोखरतो आणि एका रात्रीत काच फुटू शकते.

आणि समुद्रातून प्रवाळ उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.